बदल पुष्कळ होतात, सेवा तिथेच राहते: मग घोडं पेंड खातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची कंपनी घरगुती यंत्रं विकते आणि त्यांची दुरुस्तीही करते. ग्राहकसेवेची आखणी माझ्याकडे आहे. दर महिन्याला अभिप्राय वाचून आम्ही काही ना काही बदलतो. कधी फोनवर बोलायची स्क्रिप्ट, कधी तक्रारीचा फॉर्म, कधी मेसेजची भाषा. समाधानाचं रेटिंग एका महिन्यात चढतं, पुढच्या महिन्यात उतरतं. टीम आता नव्या बदलाचं नाव काढलं की गप्प होते. सतत सुधारणा करायची तर पुढे काय बदलावं आणि कुठल्या आकड्यावर लक्ष ठेवावं?"

पुढे काय बदलावं हे तुम्ही विचारलंत, पण मला अडचण त्याच्या एक पायरी अलीकडे दिसते. आजवर केलेल्या बदलांपैकी कुठला कामी आला, कुठल्याने नुकसान झालं आणि कुठल्याने काहीच फरक पडला नाही, हे तुम्हाला आज सांगता येईल का? तुमच्या वर्णनावरून तरी येणार नाही असं वाटतं. बदल होत आहेत, पण त्यातून हाती काही लागत नाही. टीम गप्प होते तीही यामुळेच. माणसं बदलाला कंटाळत नाहीत. ज्याचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही, अशा बदलाला कंटाळतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. दिवसाला पन्नास फोन येतात की पाच हजार, दुरुस्तीला जाणारे तंत्रज्ञ तुमच्या पगारावर आहेत की कंत्राटदाराच्या, आणि सुट्या भागांचं गोदाम व हिशेब विभाग तुमचं कितपत ऐकतात, यावर पुढच्या सल्ल्यातला कुठला भाग आधी उचलायचा ते अवलंबून आहे. मी माझ्या कामात ज्या क्रमाने जाते तोच क्रम सांगते.

आधी रेटिंगचा चढउतार. सेवेत काडीचाही बदल केला नाही तरी हा आकडा दर महिन्याला हलणारच. उत्तर देणारी माणसं वेगळी, बिघाड वेगळे, त्या महिन्यात रजेवर असलेले तंत्रज्ञ वेगळे. समजा महिन्याला १०० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले ७८ समाधानी निघाले. एवढ्या लहान नमुन्यात या ७८ च्या दोन्ही बाजूंना साधारण ८ टक्क्यांची अनिश्चितता असते. पुढच्या महिन्यात ७३ आले म्हणून बैठक बोलावणं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ८१ आले म्हणून टीमची पाठ थोपटणं, दोन्ही निराधार. शितावरून भाताची परीक्षा इथे करता येत नाही.

हे नुसतं निरुपयोगी असतं तरी चाललं असतं, पण ते अपायकारकही आहे. गुणवत्तेच्या क्षेत्रातले मोठे जाणकार एडवर्ड्स डेमिंग आपल्या व्याख्यानवर्गात नरसाळ्याचा एक प्रयोग करून दाखवत. टेबलावर एक खूण, तिच्या वर नरसाळं, आणि त्यातून एकेक गोटी खाली सोडायची. नरसाळं न हलवता गोट्या सोडत राहिलात तर त्या खुणेभोवती थोड्या विखुरतात. पण प्रत्येक गोटीनंतर 'ही दोन बोटं उजवीकडे पडली, म्हणून नरसाळं दोन बोटं डावीकडे सरकवू' असं करत गेलात, तर विखुरणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. ते मोजायचं जे सांख्यिकी माप आहे, विचरण, ते चक्क दुप्पट होतं. हेतू चांगला आणि मेहनत प्रामाणिक असूनही परिणाम वाईट. मागच्या महिन्याचा आकडा बघून या महिन्यात स्क्रिप्ट बदलणं म्हणजे नरसाळं सरकवणंच आहे.

यावर उपाय जुना आहे आणि मला तो आजही सगळ्यात विश्वासाचा वाटतो. अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला, म्हणजे आकड्याचा नेहमीचा चढउतार आणि खरा बदल वेगळे दाखवणारा आलेख. त्याचं एक सोपं रूप तुम्ही साध्या स्प्रेडशीटमध्ये करू शकता. महिन्यांऐवजी आठवड्यांचे आकडे घ्या, वीसेक आठवड्यांचे मिळाले तर उत्तम. त्यांची सरासरी काढा. मग लागोपाठच्या दोन आठवड्यांमधला फरक, चिन्ह सोडून, प्रत्येक जोडीसाठी लिहा आणि त्या फरकांची सरासरी काढा. ही दुसरी सरासरी २.६६ ने गुणली की जे येईल ते पहिल्या सरासरीत मिळवा आणि तिच्यातून वजाही करा. समजा सरासरी ७८ आणि फरकांची सरासरी ३ आहे. मग वरची रेषा ८६ च्या आसपास, खालची ७० च्या. या दोन रेषांच्या आत आकडा नाचत असेल तर तो तुमच्या व्यवस्थेचा रोजचा स्वभाव आहे. रेषेबाहेर गेला, किंवा लागोपाठ आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरोखर घडलं आहे, आणि तेव्हाच 'काय घडलं' हा शोध घेण्यात अर्थ आहे.

इथे एक गैरसमज होतो, तो आत्ताच दूर करते. आकडा रेषांच्या आत आहे म्हणजे सेवा चांगली आहे असं मुळीच नाही. सरासरी ७८ ही तुमच्या लेखी वाईटच असू शकते. पण मग 'या आठवड्यात काय चुकलं' असं विचारून उत्तर मिळणार नाही, कारण त्या आठवड्यात वेगळं काही चुकलेलंच नाही. नेहमीच्या पद्धतीतूनच ७८ निघत आहेत. अशा वेळी आखणीलाच हात घालावा लागतो. तुमचं खरं काम तिथून सुरू होतं.

आता मुख्य भाग. आखणीला हात कुठे घालायचा हे अभिप्रायाचे फॉर्म सांगत नाहीत. ते फोन सांगतात. फोनवरच्या सहकाऱ्याशेजारी बसा, दुसरा हेडफोन लावा, आणि प्रत्येक ग्राहक पहिल्या दोन वाक्यांत काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. सिस्टिममधल्या यादीतला प्रकार लिहू नका. यादीत 'भेटीविषयी चौकशी' असं असतं. ग्राहक म्हणतो, "तुमचा माणूस येणार म्हणून मी सकाळपासून थांबलोय." पहिल्यात माहिती विचारल्यासारखी दिसते, दुसऱ्यात मोडलेला शब्द दिसतो. काही दिवस हे करून झालं की कागदावरच्या नोंदी दोन भागांत वेगळ्या करा. एका बाजूला ज्या कामासाठी तुमची सेवा उभी आहे ते: यंत्र बंद पडलंय, दुरुस्त करून द्या. दुसऱ्या बाजूला तुम्ही काहीतरी केलं नाही किंवा नीट केलं नाही म्हणूनच आलेले फोन: माणूस आला नाही, येऊन गेला पण भाग नव्हता, बिल चुकलं, मागच्या आठवड्यात दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडलं. जॉन सेडन या ब्रिटिश सल्लागारांनी या दुसऱ्या प्रकाराकडे 'अपयशातून येणारी मागणी' म्हणून पाहायला शिकवलं. सेवाक्षेत्रात यापेक्षा उपयोगी कल्पना मला तरी दुसरी भेटलेली नाही.

कारण ही विभागणी झाली की तुमचे आजवरचे बदल कुठे पडले ते लख्ख दिसतं. स्क्रिप्ट सुधारली म्हणजे 'माणूस का आला नाही' या फोनला अधिक गोड उत्तर मिळालं. फोन यायचा तो आलाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. असा फोन तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटांत संपवणं ही सुधारणा नाही. तो येण्याचं कारणच संपवणं ही सुधारणा आहे.

याचा हिशेबही नीट समजून घ्या, कारण वरिष्ठांना पटवताना तोच उपयोगी पडतो. रांगांच्या गणितातलं सर्वांत साधं प्रतिरूप घेतलं, एकच खिडकी आणि कसेही येणारे ग्राहक, तर रांगेतली सरासरी वाट ही एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या किती पट असते ते खिडकी किती वेळ गुंतलेली आहे यावर ठरतं. ८० टक्के गुंतलेली असेल तर ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. तुमच्याकडे एका खिडकीऐवजी अनेक माणसं आहेत, त्यामुळे नेमके आकडे वेगळे येतील, पण वक्ररेषेचा आकार तोच राहतो: शेवटच्या टप्प्यात वाट पाहणं एकदम उसळतं. याचा उलटा अर्थ असा की काठोकाठ भरलेल्या व्यवस्थेतून अपयशाचे थोडेसे फोन जरी कमी झाले, म्हणजे ९५ वरून ९० वर आलात, तरी या साध्या गणितात वाट निम्म्याहून खाली येते. एकही माणूस न वाढवता. आणि जो वेळ सुटतो त्यातूनच पुढची सुधारणा करायला हात मोकळे होतात. सतत ९५ टक्के गुंतलेल्या टीमला 'सूचना द्या, विचार करा' असं सांगणं अन्याय आहे.

समजा तुमच्याकडे सगळ्यात मोठा ढीग 'माणूस कधी येणार' या फोनांचा निघाला. दुरुस्ती सेवांमध्ये हे मी वारंवार पाहिलं आहे. इथे पहिला मोह होतो मेसेज सुधारण्याचा. तो पूर्ण चुकीचा नाही. सेवाक्षेत्राचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं तेव्हा त्यात एक मुद्दा होता, की अनिश्चित वाट ही ठाऊक असलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते. 'आमचे प्रतिनिधी लवकरच येतील' यापेक्षा 'दुपारी दोन ते चार' हे कधीही बरं. पण दोन ते चार असं सांगून माणूस सहाला गेला तर आधी नुसती अनिश्चितता होती, आता शब्द मोडल्याची भर पडली. म्हणून मेसेजच्या आधी विचारायचं: दोन ते चार हे आपल्याला ठाऊक असतं का? कधी ठाऊक होतं? कोणामुळे?

याचं उत्तर शोधायला सेवेचा नकाशा काढावा लागतो. बँकिंग क्षेत्रातल्या लिन शोस्टॅक यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. त्यांचं १९८४ मधलं उदाहरण मला फार आवडतं, कारण ते बूट पॉलिशसारख्या साध्या सेवेचं आहे. ब्रश मारणं, पॉलिश लावणं, चमकवणं, पैसे घेणं, प्रत्येक पायरीला किती सेकंद लागावेत, चुकीच्या रंगाचं पॉलिश लागलं तर मागे कसं यायचं, आणि ग्राहकाला न दिसणारं काम, म्हणजे सामान आणून ठेवणं, हे सगळं एका कागदावर. ग्राहकाला दिसणारं आणि न दिसणारं यांच्यामध्ये एक रेषा. सगळी गंमत त्या रेषेखाली आहे. ग्राहकाला जे खटकतं ते रेषेच्या वर दिसतं, त्याचं कारण बहुतेकदा खाली सापडतं.

तुमच्यासारख्या सेवेत मला जे आढळलं ते असं. तक्रार नोंदवताना बिघाडाचं वर्णन 'चालत नाही' एवढंच घेतलं जातं. त्यामुळे कुठला भाग लागेल ते कळत नाही. तो गोदामात आहे का ते संध्याकाळी एकत्र तपासलं जातं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या रात्री उशिरा ठरतात. सकाळी पहिल्या घरी भाग चुकीचा निघतो, तंत्रज्ञ परत गोदामात जातो, आणि पुढची सगळी घरं उशिरा होतात. दुपारी फोन वाजू लागतात. यात फोनवरच्या माणसाच्या आवाजातला गोडवा काय करणार? त्या ठिकाणी आम्ही तक्रार घेतानाच यंत्राच्या मॉडेलनुसार तीन-चार नेमके प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवा कुठल्या रंगाचा लागतो, आवाज येतो का, पाणी कुठून गळतं. हे प्रश्न तंत्रज्ञांनी लिहून दिले. नोंदणीचा फोन लांबला, आणि तो लांबू दिला. चुकीचा भाग घेऊन जाण्याच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्या आणि दुपारचे फोनही ओसरू लागले. तुमच्याकडे कारण वेगळं असेल, त्यामुळे हा उपाय उचलू नका. शोधण्याची पद्धत उचला. नकाशा काढताना फोनवरची माणसं, तंत्रज्ञ आणि गोदामातलं कुणीतरी एकाच भिंतीसमोर उभं असू द्या, आणि 'काय व्हायला हवं' याऐवजी 'काल काय झालं' ते लिहा.

मग बदल. एका वेळी एकच, आणि करण्याआधी कागदावर अंदाज: काय बदलणार, त्यामुळे कुठले फोन कमी होतील, साधारण किती दिवसांत दिसेल, आणि काय दिसलं तर आपण हा बदल मागे घेऊ. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. ते आधी लिहिलं नाही तर बदल सुचवणाऱ्या वरिष्ठाकडे बघून नंतर कुणीच तो मागे घेत नाही. आखा, करा, अभ्यासा, अमलात आणा हे चक्र तुम्हाला माहीत असणार. श्यूहार्ट यांच्या विचारातून ते आलं आणि डेमिंग यांनी ते पसरवलं. तिसऱ्या पायरीला 'तपासा' न म्हणता 'अभ्यासा' म्हणावं, असा डेमिंग यांचा आग्रह होता. तपासणीत झालं की नाही झालं एवढंच कळतं. अभ्यासात आपला अंदाज कुठे आणि का चुकला ते कळतं, आणि सेवेबद्दलची समज वाढते ती अंदाज चुकल्यावरच.

प्रयोग छोटा ठेवा. एक विभाग, दोन तंत्रज्ञ, एका प्रकारचं यंत्र. चाललं तर मुद्दाम अवघड परिस्थितीत घ्या: गर्दीचा सोमवार, नवखा माणूस, मोसमातली घाई. नव्याचे नऊ दिवस असतात. पहिल्या आठवड्यात सगळे जास्त लक्ष देतात म्हणूनही आकडे सुधारतात, तेव्हा लगेच सगळीकडे पसरवायची घाई करू नका. आलेखावर सरासरी खरंच सरकली का ते बघा, आणि सरकली असेल तर त्या दिवसापासून रेषा नव्याने काढा.

आता कुठला आकडा. समाधानाचं रेटिंग ठेवा, पण ते मार्गदर्शक म्हणून वापरू नका, ते फार उशिरा आणि फार मोघम बोलतं. मी तीन गोष्टी बघते: ग्राहकाने पहिल्यांदा कळवल्यापासून यंत्र चालू होईपर्यंत गेलेले दिवस, एकूण फोनांत अपयशाच्या फोनांचा वाटा, आणि दिलेली वेळ किती वेळा पाळली गेली. पहिल्यात एक बारकावा आहे. घड्याळ ग्राहकाचं असायला हवं. 'भागाची वाट' म्हणून तक्रार थांबवून ठेवली की अनेक सिस्टिममध्ये घड्याळही थांबतं, पण ग्राहकाच्या घरात यंत्र बंदच असतं. तिसरी गोष्ट मी सोडत नाही त्याला आधार आहे. सेवेच्या गुणवत्तेवर परसुरामन, झाइथामल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात जे काम केलं त्यात ग्राहकांच्या लेखी विश्वासार्हता, म्हणजे कबूल केलेलं कबूल केल्याप्रमाणे करणं, सर्वांत वजनदार ठरली. सौजन्य हवंच, पण ते शब्द पाळण्याची जागा घेत नाही.

आणि यांपैकी कुठलाही आकडा व्यक्तीच्या बक्षिसाशी किंवा शिक्षेशी जोडू नका. हे मी कळकळीने सांगते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये आर्थिक धोरणाच्या संदर्भात मांडलेला नियम सेवेला तंतोतंत लागू पडतो: आकडा हेच लक्ष्य झालं की तो माप म्हणून निकामी होतो. फोनच्या सरासरी वेळेवर माणसाला जोखलंत तर अवघड फोन दुसरीकडे वळवले जातात. रेटिंगवर जोखलंत तर 'सर, पूर्ण गुण द्या' अशी विनवणी सुरू होते आणि नाराज ग्राहकाला फॉर्मच पाठवला जात नाही. माणसं लबाड असतात म्हणून हे होत नाही, तुम्ही त्यांना अशा कोपऱ्यात उभं केलेलं असतं.

टीमच्या गप्प बसण्याबद्दल. नवा बदल आणण्याआधी जुने काढून टाका. आजवर भर घातलेले फॉर्ममधले रकाने, मेसेज आणि स्क्रिप्टमधल्या ओळी समोर ठेवा आणि फोनवरच्या माणसांनाच विचारा, यातलं काय काढलं तर कुणाचंच अडणार नाही. जे निघेल ते त्याच आठवड्यात काढा. सूचना मागून महिनोन्‌महिने उत्तर न देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. 'हे आत्ता करता येणार नाही, कारण अमुक' एवढं उत्तरसुद्धा माणसाला पुन्हा बोलतं करतं. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढून मदत बोलावतो आणि गरज पडली तर उत्पादनाची ओळ थांबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला विसरला जाणारा भाग असा, की दोरी ओढल्यावर टीमप्रमुख लगेच तिथे पोचतो. तुमच्या फोनवरच्या माणसाने 'आज पुन्हा त्याच भागाच्या तक्रारी येत आहेत' असं सांगितलं तर त्याच दिवशी कुणीतरी त्याच्या टेबलाशी जायला हवं.

सुरुवात कशी करावी म्हणाल तर पुढचा महिनाभर काहीच बदलू नका, आणि हे टीमला जाहीर सांगा. त्या काळात आलेख तयार करा आणि फोन ऐका. गोदाम किंवा हिशेब विभाग तुमच्या हाताखाली नसेल तर त्यांना अहवाल पाठवत बसण्यापेक्षा गोदामप्रमुखांना दुपारी तासभर शेजारी बसवून दुसरा हेडफोन त्यांच्या कानाला लावा. अपयशाच्या फोनांचा सगळ्यात मोठा ढीग कुठला निघाला आणि तो कुठल्या विभागाच्या दारात जाऊन थांबतो, ते कळवलंत तर पुढच्या प्रयोगाबद्दल नेमकं बोलता येईल.